टेंडरच्या संगणकावरील जुने प्लग-इन : बडोद्यातील एका कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याचे आहे. कारखाना आणि त्यातील माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे आणि काही तपशील वगळले आहेत. तेथे विजेच्या पॅनेलांसाठी लोखंडी पत्र्याच्या पेट्या आणि सांगाडे तयार होतात. मालक मराठी, दोन पिढ्यांपासून बडोद्यात स्थायिक झालेल्या घरातले. कारखान्यात सगळे त्यांना काका म्हणतात. हिशेब, बिले आणि टेंडर भरण्याचे काम एक अनुभवी गुजराती बाई पाहत, ज्यांना लहानथोर सगळे बेन म्हणत. नकाशांचे काम काकांच्या पुतण्याकडे होते. कार्यालयात चार संगणक होते आणि ते ज्या तंत्रज्ञाकडून घेतले, तोच गरजेप्रमाणे येऊन त्यांची देखभाल करी. मी स्वतः त्या काळात शहरातील लहान कार्यालयांची संगणकव्यवस्था पाहत असे. या कारखान्यात मला बोलावले गेले ते मात्र नुकसान होऊन गेल्यावर.

कारखान्याचे निम्म्याहून अधिक काम सरकारी टेंडरांतून येई. टेंडर पोर्टलवर भरायचे आणि त्यावर काकांची डिजिटल सही करायची, अशी पद्धत होती. या सहीची खासगी किल्ली, म्हणजे सही घडवणारा गुप्त आकडा, यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या उपकरणात असते. ती टोकनमधून बाहेर काढता येत नाही, सहीचे गणित टोकनच्या आतच होते. ब्राउझर स्वतःहून या टोकनपर्यंत पोहोचू शकत नसे. ती पोच जावा या संगणकीय भाषेचे प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला पूरक कार्यक्रम, करून देई : पोर्टलच्या पानावरून एक छोटा जावा कार्यक्रम, म्हणजे ॲपलेट, संगणकावर उतरे, टोकनशी बोले, पिन विचारी आणि सही करून घेई.

ब्राउझरला जे येत नाही ते प्लग-इनकडून करून घेण्याची ही रीत १९९५ च्या सुमारास नेटस्केपने रूढ केली. तिच्यातली गोम अशी की प्लग-इन चालते ते संगणक वापरणाऱ्याच्या अधिकाराने. बेन जी फाइल उघडू, बदलू किंवा पुसू शकत, ती प्लग-इनही उघडू, बदलू किंवा पुसू शके. अनोळखी पानावरून आलेल्या ॲपलेटला जावा आपल्या कुंपणात ठेवत असे, परंतु त्या कुंपणाला भगदाडे सापडत राहिली. जानेवारी २०१३ मध्ये अशा एका दोषाचा सर्रास गैरवापर सुरू झाल्यावर जावा बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने तातडीने जावा ७ ची ११ वी सुधारित आवृत्ती काढली, आणि तरीही अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने लोकांना ब्राउझरमधील जावा बंदच ठेवण्याचा सल्ला दिला. शिवाय सही करणाऱ्या ॲपलेटला कुंपणात ठेवून चालतच नाही. त्याला टोकनपर्यंत जायचे असते, म्हणून ‘रन’ हे बटण दाबून त्याला कुंपणाबाहेर जाण्याची परवानगी आपल्यालाच द्यावी लागते.

बेनच्या मॉनिटरच्या कडेला गुजराती अक्षरांत लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘जे पूछे तेमां रन दबाववुं.’ जे काही विचारले जाईल त्याला ‘रन’ म्हणायचे. ही सूचना तंत्रज्ञाने दिलेली होती, आणि टेंडरच्या पोर्टलपुरती ती बरोबरही होती. इशाऱ्याची चौकट इंग्रजीत येई, पोर्टलच्या कामात दिवसातून चार वेळा येई आणि दरवेळी तिचे योग्य उत्तर एकच असे. ज्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असते, तो प्रश्न माणूस काही दिवसांनी वाचत नाही. त्यात बेनचा निष्काळजीपणा शोधणे मला अन्यायाचे वाटते.

२०१४ मधील निर्णय

या प्रकरणाची सुरुवात घटनेच्या जवळजवळ दीड वर्ष आधी झाली. १४ जानेवारी २०१४ रोजी जावा ७ ची ५१ वी आवृत्ती आली. तिच्यात नियम कडक झाले : बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेली, स्वतःच स्वतःला प्रमाणित करणारी किंवा आपल्याला कोणते अधिकार हवेत हे आत नोंदवलेले नसलेली ॲपलेट नेहमीच्या सुरक्षा-पातळीवर अडवली जाऊ लागली. पोर्टलचे ॲपलेट या नियमांत बसत नव्हते. संगणकाने रात्रीतून स्वतःला अद्ययावत करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सहीचे पान उघडेना. टेंडरची मुदत संध्याकाळी संपणार होती.

तंत्रज्ञाने जे केले ते त्या दुपारी कोणीही केले असते. त्याने ५१ वी आवृत्ती काढून ४५ वी पुन्हा बसवली, सुरक्षा-पातळी एक पायरी खाली आणली आणि जावाचे आपोआप अद्ययावत होणे बंद केले. टेंडर वेळेत गेले. पुन्हा असा घोळ नको म्हणून त्याने तीच मांडणी उरलेल्या तिन्ही संगणकांवर केली, वास्तविक सही केवळ बेनच्या संगणकावरून होत असे. आणि ब्रॉडबँडची गती कमी असल्याने फ्लॅशचे, म्हणजे पानांवरील चित्रफिती आणि हलती चित्रे चालवणाऱ्या ॲडोबी कंपनीच्या प्लग-इनचे, अपडेटही सगळीकडे बंद करून टाकले.

या निर्णयाची मुदत कोणीही ठरवली नाही. नव्या जावासाठी यादीचा मार्ग त्याच ५१ व्या आवृत्तीत उपलब्ध होता : विश्वासाच्या संकेतस्थळांची नावे अपवाद म्हणून नोंदवायची आणि बाकीच्यांसाठी नियम कडक ठेवायचे. तो शोधायला त्या दुपारी वेळ नव्हता हे मान्य आहे. पण पुढच्या आठवड्यात वेळ होता, पुढच्या महिन्यातही होता. अडचण सुटलेली असल्याने तिच्याकडे परत जाण्याचे कारणच कोणाला दिसले नाही. एप्रिल २०१५ मध्ये जावा ७ साठी सर्वांना मिळणारे अपडेट थांबले, आणि कार्यालयातील चारही संगणक आता कायमचे मागे पडले आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही.

सोमवारी काय दिसले

२० जुलै २०१५ च्या सोमवारी सकाळी बेनना बिलांची एकही फाइल उघडता येईना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवी मजकुराची फाइल होती आणि तीत लिहिले होते की आपल्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास बिटकॉइनमध्ये रक्कम भरा. हे रॅन्समवेअर होते. पुतण्याच्या संगणकावरील नकाशांचे फोल्डर बेनच्या संगणकाला जोडलेले होते आणि त्यात लिहिण्याची परवानगीही दिलेली होती; त्यामुळे नकाशेही गेले. बॅकअपची हार्ड डिस्क बेनच्या संगणकाला बारा महिने जोडलेलीच असे. तीही त्याच तडाख्यात सापडली.

तंत्रज्ञ साडेनऊला आला आणि अकरा वाजेपर्यंत त्याने बेनचा संगणक फॉरमॅट करून टाकला. शुक्रवारी, २४ तारखेला, एका मोठ्या टेंडरची मुदत होती आणि संगणक लवकरात लवकर चालू करणे त्याला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मी दुपारी पोहोचलो तेव्हा त्या संगणकावर तपासण्याजोगे काही उरले नव्हते.

दार कोणते होते

पुतण्याच्या संगणकावर प्रत्यक्ष हल्ला झाला नव्हता. तेथील फाइली जोडणीतून बिघडल्या होत्या. तेथे दोन गोष्टी हाती लागल्या. एक म्हणजे बिघडलेल्या फाइलींच्या वेळा : पहिली फाइल शनिवारी, १८ जुलैच्या संध्याकाळी सातच्या सुमारास बदललेली होती. दुसरी म्हणजे तंत्रज्ञाने चारही संगणकांवर एकसारखी केलेली मांडणी, जिच्यामुळे बेनच्या संगणकावर काय होते याचा अंदाज येत होता : जावा ७ ची ४५ वी आवृत्ती आणि कित्येक महिने न हललेले फ्लॅश.

शनिवारी संध्याकाळी काय केले, असे मी बेनना विचारले. त्या घाबरलेल्या होत्या आणि काकांनी त्यांना धीर देऊन सांगितले, “बेन, तुम्हाला कोणी रागावत नाही, जे आठवतं ते सांगा.” त्या दिवशी रथयात्रा होती. टेंडरची मोठी फाइल पोर्टलवर चढत असताना त्या एका बातमीच्या संकेतस्थळावर रथयात्रेची छायाचित्रे पाहत होत्या. काही डाउनलोड केले नाही, कोणती चौकट दाबली की नाही ते आठवत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे असण्यात काहीच अडचण नव्हती. अनेक बातमीपत्रांवरील जाहिराती तिऱ्हाईत जाहिरात-जाळ्यांतून येतात. अशा जाळ्यात घुसवलेली एखादी जाहिरात वाचकाच्या ब्राउझरला नकळत दुसऱ्या पत्त्यावर नेते आणि तेथे बसवलेला हल्ल्याचा संच कोणते प्लग-इन कोणत्या आवृत्तीचे आहे हे तपासून त्याला लागू पडणारा दोष निवडतो. पाहणाऱ्याने कोठेही बोट लावण्याची गरज नसते.

तो आठवडाही विलक्षण होता. ५ जुलैला ‘हॅकिंग टीम’ या इटालियन कंपनीची सुमारे ४०० जीबी अंतर्गत माहिती बाहेर फुटली. ही कंपनी सरकारांना पाळतीची साधने विकत असे. त्या माहितीत फ्लॅशमधील एक अज्ञात दोष आणि त्याचा वापर कसा करायचा याचा तयार नमुना होता. ॲडोबीने ८ जुलैला दुरुस्ती दिली, पण तोवर हल्ल्याच्या संचांनी तो दोष उचललेला होता. त्याच फुटलेल्या साठ्यात आणखी दोन दोष सापडले, ज्यांची दुरुस्ती १४ तारखेला आली. दरम्यान मोझिलाने आपल्या फायरफॉक्स ब्राउझरमधील फ्लॅशच्या दोष असलेल्या आवृत्त्या अडवून ठेवल्या. त्याच १४ तारखेला ओरॅकलने जावातील एका चालू हल्ल्याचा दोषही दुरुस्त केला. ज्यांचे अपडेट चालू होते त्यांच्यापर्यंत या दुरुस्त्या शनिवारच्या आत पोहोचलेल्या होत्या. आमच्या चार संगणकांपर्यंत त्यांतली एकही पोहोचू शकत नव्हती.

हल्ला फ्लॅशमधून झाला असावा असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. बेनचा संगणक फॉरमॅट झाला नसता तर हे वाटण्यावर राहिले नसते.

समोर असलेले पर्याय

खंडणी भरायची का, हा प्रश्न पहिल्या तासातच आला आणि काकांनी तो स्वतःच मिटवला. चोराला पैसे देऊन चोरीचा माल परत आणणे त्यांच्या वृत्तीत बसणारे नव्हते. मी त्यांना एवढेच सांगितले की पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. शहराच्या सायबर शाखेत अर्ज देण्यात आला. फाइलींसाठी आम्ही दुसरीकडे वळलो : ३१ मार्चच्या हिशेबाची प्रत दांडिया बाजारातील सी. ए. च्या कार्यालयात होती आणि ग्राहकांना ई-मेलने पाठवलेले नकाशे पाठवलेल्या पत्रांत सापडत होते.

यापुढे टेंडर कसे भरायचे, हा प्रश्न अधिक अवघड होता. प्लग-इन सरसकट काढून टाकणे सर्वांत सुरक्षित होते, परंतु त्याचा अर्थ निम्मे काम सोडणे असा होता. सगळे अद्ययावत करून तसेच पुढे चालू ठेवणे सोपे होते आणि तंत्रज्ञाचा कल तिकडे होता. माझा विरोध याला होता. अद्ययावत प्लग-इन शनिवारच्या हल्ल्याला पुरून उरले असते, पण ८ जुलैपूर्वीच्या दोन-तीन दिवसांत पूर्ण अद्ययावत फ्लॅशसुद्धा असुरक्षित होते, कारण दुरुस्तीच अस्तित्वात नव्हती. जोवर टेंडरचे पान आणि रथयात्रेची छायाचित्रे एकाच ब्राउझरमध्ये उघडत होती, तोवर असा एखादा आठवडा पुन्हा येणारच होता.

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत आणखी एक संगणक चालवण्याचा विचार पुतण्याने मांडला. तांत्रिकदृष्ट्या तो चांगला होता. मात्र टोकन कधी आतल्या संगणकाला दिसे, कधी बाहेरच्या, आणि मुदतीच्या दिवशी बेनना एकटीने हे निस्तरता आले नसते. जी व्यवस्था वापरणाऱ्याला स्वतः सावरता येत नाही ती पहिल्याच घाईत बाजूला सारली जाते, असा माझा अनुभव आहे. शेवटी एक संगणक केवळ टेंडरसाठी वेगळा काढायचा आणि उरलेल्या संगणकांवरून जावा पूर्णपणे काढायचे, असे ठरले. “एका टेंडरसाठी आख्खा संगणक अडकवायचा?” असे काकांनी विचारले. कोपऱ्यात पडून असलेला जुना संगणक त्या कामाला पुरेल हे दाखवल्यावर त्यांची हरकत राहिली नाही.

सहीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलेला निर्णय वेगळाच होता. काकांचे टोकन बेनच्या संगणकाच्या मागच्या बाजूला कायम लावलेले असे आणि पिन कीबोर्डखालच्या कागदावर होता. किल्ली टोकनमधून चोरता येत नाही हे खरे आहे. परंतु संगणकात शिरलेला कार्यक्रम टाइप होणारा पिन टिपू शकतो, आणि टोकन लावलेले असेपर्यंत मालकाच्या नावाने सही करून घेऊ शकतो. असे झाल्याची एकही खूण दिसली नव्हती. झालेच नव्हते असे म्हणण्याचा पुरावाही फॉरमॅटबरोबर गेला होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्लीवरील नियंत्रण राखण्यासाठी वाजवी काळजी घेणे ही धारकाची जबाबदारी आहे, आणि किल्लीच्या सुरक्षिततेला बाधा आली असल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवणे बंधनकारक आहे. मी प्रमाणपत्र रद्द करण्याचा सल्ला दिला. काकांचे म्हणणे असे : “तुम्ही सांगता ते मला पटतंय. पण नवीन सही यायला आठवडा लागेल आणि शुक्रवार हातचा जाईल. पोरांचा दोन महिन्यांचा पगार त्या टेंडरवर आहे.” शिवाय आधी भरलेली दोन टेंडरे उघडायची बाकी होती आणि त्या पोर्टलच्या पद्धतीत उघडण्याच्या वेळीही हेच टोकन लागणार होते.

आम्ही मधला मार्ग काढला. टोकन त्याच क्षणी काढून घेतले, दुसऱ्या स्वच्छ संगणकावर पिन बदलला, पोर्टल आणि इतर ज्या ज्या ठिकाणी ही सही नोंदवलेली होती तेथील शनिवारनंतरच्या नोंदी पाहिल्या, आणि प्रलंबित टेंडरे उघडून झाल्यावर प्रमाणपत्र रद्द करून नवे घेतले. टोकन काढल्यानंतर आणि पिन बदलल्यानंतर पुढच्या गैरवापराची वाट बंद झाली होती, म्हणून यात फारसा धोका नाही, असे मी तेव्हा स्वतःला समजावले.

ते समजावणे अपुरे होते. रद्द करणे आणि कळवणे या दोन गोष्टी मी एकच मानल्या. रद्द कधी करायचे यावर विचार करता आला असता, पण संस्थेला सोमवारीच लेखी कळवायला हवे होते. ते आम्ही प्रमाणपत्र रद्द करतानाच कळवले. मधल्या दिवसांत काकांच्या नावाची एखादी भलती सही कोठे निघाली असती, तर ‘आम्हाला संशय होता पण टेंडर होते’ याखेरीज त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. तो सल्ला माझा होता आणि त्यातील चूकही माझीच.

प्रत्यक्ष मांडणी

वेगळ्या काढलेल्या संगणकावर विंडोज ७ नव्याने घातले आणि बेनसाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते केले. पोर्टलच्या सूचनापत्रात जावा ७ च हवे असे लिहिलेले असले तरी आम्ही जावा ८ ची नुकतीच आलेली ५१ वी आवृत्ती लावून पाहिली. पोर्टलचा पत्ता अपवादांच्या यादीत नोंदवल्यावर सहीचे पान व्यवस्थित चालले. दीड वर्ष ज्याला अशक्य मानले होते, ते वीस मिनिटांत झाले.

येथे एक गैरसमज होता होता राहिला. यादीत एक नाव घातले म्हणजे इतर सर्व संकेतस्थळांना जावा बंद झाले, असे पुतण्याला वाटले, आणि बहुतेकांना असेच वाटते. ही यादी फक्त त्या एका नावापुरते कडक नियम शिथिल करते. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाचे रीतसर सही असलेले ॲपलेट आले तर जावा पूर्वीसारखाच प्रश्न विचारते, आणि आपल्या कार्यालयात त्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर लिहून ठेवलेले होते. इतरांना खरोखर मनाई करणारी नियमावलीची सोय जावात होती, पण ती फाइल विश्वसनीय प्रमाणपत्राने सही करून बसवावी लागे. चार संगणकांच्या कार्यालयाला ते पेलणारे नव्हते.

म्हणून मनाई ब्राउझरमध्येच केली. इंटरनेट एक्स्प्लोररला अस्तित्वात नसलेला प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटकडे नेणाऱ्या मध्यस्थ संगणकाचा पत्ता, दिला आणि पोर्टलचे पत्ते तेवढे त्यातून वगळले. त्यामुळे वगळलेली स्थळे थेट उघडत आणि बाकी कोणतेही पान कोठेच पोहोचत नसे. जावा डीफॉल्टने ब्राउझरचीच जोडणी वापरते, त्यामुळे तेही याच मर्यादेत आले. ही सेटिंग बदलता येऊ नये म्हणून ती विंडोजच्या धोरणातून कुलूपबंद केली. पहिल्या चाचणीत सहीच्या टप्प्यावर इशारा आला : ॲपलेटचे प्रमाणपत्र रद्द झालेले नाही ना, हे जावा ज्या सर्व्हरवर जाऊन तपासते, तो पत्ताही आम्ही बंद करून टाकला होता. तो यादीत घातल्यावर काम सुरळीत झाले. संगणकात शिरलेल्या दुष्ट कार्यक्रमाला हा उपाय अडवू शकत नाही, कारण असा कार्यक्रम ब्राउझरची सेटिंग जुमानत नाही. ब्राउझरमधून तो आत येण्याची वाट मात्र अरुंद होते, आणि आम्हाला तेवढेच हवे होते.

उरलेल्या संगणकांवरून फ्लॅश काढताना आढळले की एकाच संगणकावर त्याच्या तीन वेगवेगळ्या प्रती होत्या : इंटरनेट एक्स्प्लोररची, फायरफॉक्सची आणि क्रोमच्या पोटातली. तंत्रज्ञाने एक काढून काम संपले असे मानले होते. इंटरनेट एक्स्प्लोररमधील प्रत ऑफिसच्या दस्तऐवजातूनही चालू शकते, म्हणून ती राहू देणे विशेष धोक्याचे होते. क्रोममधील प्रत विचारल्याशिवाय चालू नये असे ठरवून ठेवले. नकाशांच्या फोल्डरवर बेनच्या संगणकाला केवळ वाचण्याची परवानगी ठेवली. बॅकअपसाठी दोन डिस्क घेतल्या, ज्यांतली एक नेहमी काकांच्या घरी राहील आणि दर शनिवारी बदलली जाईल. टोकन काकांच्या टेबलाच्या कुलपात गेले. मॉनिटरवरची चिठ्ठी बेननी स्वतः काढली.

परिणाम

शुक्रवारचे टेंडर गुरुवारी रात्री भरले गेले. दर जुळले नाहीत म्हणून ते काम मिळाले नाही. एप्रिल ते जुलै या काळातील बिले आणि नोंदी कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या. बेन आणि पुतण्या यांना त्यात दीड महिना गेला आणि काही नकाशे कायमचे गेले. सहीच्या गैरवापराची तक्रार पुढे कोठूनही आली नाही.

वेगळा संगणक अपेक्षेपेक्षा अधिक काळ टिकला. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीच्या प्लग-इनांचा आधार पूर्णपणे काढला आणि वसाहतीतील बऱ्याच कार्यालयांत टेंडर भरताना धावपळ झाली. येथे काहीच बदलले नाही, कारण टेंडरचा ब्राउझर आणि रोजचा ब्राउझर आधीच वेगळे झालेले होते. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५२ व्या आवृत्तीने फ्लॅशखेरीज बाकी प्लग-इन बंद केली, तेव्हाही तसेच झाले.

वेगळे काय करता आले असते

बेनच्या संगणकाची डिस्क फॉरमॅट न करता काढून ठेवायला हवी होती. नवी डिस्क त्याच दुपारी मिळाली असती आणि जुनीवरून हल्ल्याची वाट, टोकनला हात लागला होता की नाही, आणि कदाचित काही फाइलीही हाती लागल्या असत्या. तंत्रज्ञाला दोष देऊन हे संपत नाही : ‘संगणक बिघडला’ आणि ‘संगणकावर हल्ला झाला’ या दोन प्रसंगांत काय वेगळे करायचे, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नव्हते. आज अशा प्रसंगी १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेला कळवायच्या असतात. त्यामुळे पुरावा जपण्याचे महत्त्व आणखी वाढले आहे.

पोर्टलकडे लेखी तक्रार करायला हवी होती, ही दुसरी राहून गेलेली गोष्ट. ॲपलेट नव्या नियमांत बसवणे हे पोर्टल चालवणाऱ्यांचे काम होते. त्यांच्या सूचनापत्रात जुनी आवृत्ती ठेवा आणि सुरक्षा-पातळी खाली आणा असे लिहिलेले असताना, शेकडो लहान कारखान्यांनी ते निमूटपणे पाळले. आम्हीही पाळले, आणि स्वतःपुरता मार्ग काढून गप्प बसलो.

त्यानंतर

जावा ९ मध्ये ब्राउझर प्लग-इन नकोसे ठरवले गेले आणि २०१८ मध्ये जावा ११ मधून ते काढले गेले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला, आणि त्याच महिन्यात काकांच्या पुतण्याने टेंडरचा तो संगणक बंद करण्यासाठी मला बोलावले. पोर्टलने ॲपलेटऐवजी सही करून देणारा स्वतंत्र मदतनीस कार्यक्रम दिला होता. तो संगणकावर सतत चालू राहतो, संगणकाच्या आतल्याच एका पत्त्यावर ब्राउझरकडून येणाऱ्या विनंतीची वाट पाहतो आणि आपले मूळ प्रमाणपत्र विश्वसनीय यादीत घालायला सांगतो. म्हणजे कोणत्या पानाने त्याला हाक मारावी आणि कोणत्या पानाने मारू नये, हे तो किती काटेकोरपणे तपासतो यावर आता सगळे अवलंबून आहे.

त्याच भेटीत मी रोजच्या कामाच्या क्रोममधील एक्स्टेन्शने, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे कार्यक्रम, उघडून पाहिली. पीडीएफ जोडून देणारे एक एक्स्टेन्शन होते आणि त्याला ‘सर्व संकेतस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी दिलेली होती, ज्यात बँकेचे पानही येते. ते लगेच काढले. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ लेखकाने दुसऱ्याला विकल्यानंतर बिघडले आणि गूगलला फेब्रुवारी २०२१ मध्ये ते हटवावे लागले, हे मी पुतण्याला सांगितले. बसवताना चांगले असलेले एक्स्टेन्शन अपडेटमधून वाईट होऊ शकते, हे जावाच्या बरोबर उलटे दुखणे आहे.

मदतनीस कार्यक्रम वेगळ्याच संगणकावर ठेवावा असा माझा आग्रह होता. नवा संगणक यायला तीन आठवडे लागणार होते आणि मध्ये एक टेंडर होते, म्हणून तो तात्पुरता रोजच्या कामाच्या संगणकावर बसवावा लागला. या वेळी पुतण्याने कार्यालयाच्या वहीत नोंद केली : काय बसवले, कोणत्या कामासाठी, कोणी सांगितले, आणि काढण्याची तारीख. बावीस दिवसांनी त्याने मला संदेश पाठवला की कार्यक्रम आणि त्याचे प्रमाणपत्र दोन्ही काढले आहे, आणि सोबत त्या नोंदीवर मारलेल्या रेघेचे छायाचित्र होते.